काम दिलं, पण निर्णय खिशातच राहिला

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये प्रोडक्शन मॅनेजर आहे. सेटर (मशीन जुळवून देणारा) म्हणून लागलो, मग सुपरवायझर, आणि आता मॅनेजर. चाळीसेक माणसं, तीन शिफ्ट, तीन सुपरवायझर. अडचण अशी की कोणी जबाबदारीच घेत नाही. काम सोपवलं की तासाभरात ते परत माझ्याच टेबलावर. ‘साहेब, इन्सर्ट (टूलला लावायची कापणारी पाती) संपले.’ ‘साहेब, ऑपरेटर आला नाही.’ रविवारी मुलांना घेऊन गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो, तर पाव टेबलावर यायच्या आत चार फोन. मागच्या वर्षी सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरने स्वतःच्या मनाने एक लॉट (एका खेपेचा माल) सोडला, तो सगळा कस्टमरकडून परत आला आणि वर डेबिट नोट बसली, म्हणजे पैसे कापले गेले. तेव्हापासून माझ्या सहीशिवाय काहीच बाहेर जात नाही. मी केलं तर काम पंधरा मिनिटांत होतं, दुसऱ्याला समजावत बसलो तर तास जातो. त्यात एक सुपरवायझर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे आहेत, त्यांच्याच हाताखाली मी शिकलो. त्यांना काम सांगायलाही जीभ रेटत नाही. मालक चांगले आहेत, पण रोज सकाळी फोन करून प्रत्येक मशीनचा आकडा मलाच विचारतात. बायको म्हणते, कंपनी काय तुझ्या नावावर आहे का? काय करू?

– एक मॅनेजर, अंबड

उत्तर

नमस्कार,

‘कोणी जबाबदारी घेत नाही’ असं तुम्ही लिहिलंय, आणि थोडं खाली ‘माझ्या सहीशिवाय काहीच बाहेर जात नाही’ असंही लिहिलंय. पहिल्या तक्रारीचं उत्तर दुसऱ्या ओळीत आहे. शेवटी सही साहेबांचीच लागणार, मग आपण डोकं कशाला चालवा, असा हिशेब तुमच्या सुपरवायझरांनी केलाय. त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तोच केला असता. त्यांच्या वाट्याला पळापळ आली आणि ठरवायचं सगळं तुमच्याकडे राहिलं. मग फोन येणारच, मिसळ असो नाहीतर कोणाचं लग्न.

त्या परत आलेल्या लॉटपासून सुरुवात करू, कारण गाठ तिथेच बसली आहे. त्या दिवशी नक्की काय झालं हे तुम्ही लिहिलेलं नाही. माप ड्रॉइंगच्या बाहेर गेलंय हे सुपरवायझरला कळलंच नव्हतं का? गेज (माप घ्यायचं साधन) झिजलेला होता, कॅलिब्रेशनची (तो तपासून घ्यायची) तारीख उलटून गेली होती, असं काही? की माप बाहेर आहे हे दिसत होतं, पण गेटवर गाडी उभी, डिस्पॅचवाला डोक्यावर बसलेला, आणि माल अडवला तर सकाळी साहेब सगळ्यांसमोर झाडणार, म्हणून त्याने ‘जाईल चालून’ म्हटलं? पहिल्या प्रकारात दुरुस्ती गेजची आणि शिकवण्याची आहे. दुसऱ्या प्रकारात दुरुस्ती तुमची आहे, कारण त्याला माल अडवण्याची भीती माल सोडण्यापेक्षा जास्त वाटली. तुम्ही चौकशी केली असेलही, पण औषध एकच दिलंत: सगळ्यांच्या सह्या बंद.

ऑटोमोबाईलचे पार्ट बनवत असाल, तर आयएटीएफ 16949 या दर्जाच्या मानकाचं नाव तुम्हाला नवीन नाही. माल मंजूर स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा असेल, तर कस्टमरच्या परवानगीशिवाय तो पुढे पाठवता येत नाही, असं ते मानक सांगतं. म्हणजे तो लॉट सोडायचा अधिकार सुपरवायझरला नव्हता, तसा तुम्हालाही नव्हता आणि मालकांनाही नाही. तुमच्या सहीने त्यात काही फरक पडत नाही. रात्री अकराला तुम्ही घरून फोनवर ‘सोडा’ म्हणालात, तरी माप बाहेरचं ते बाहेरचंच. याच मानकात दुसरीही एक अट आहे, जी ऑडिटच्या आदल्या दिवशी भिंतीवर चिकटवली जाते आणि ऑडिटर गेला की विसरली जाते. मालाच्या दर्जाची जबाबदारी ज्यांच्याकडे, त्यांना उत्पादन थांबवायचा आणि डिस्पॅच रोखायचा अधिकार हवा, आणि अशी माणसं प्रत्येक शिफ्टला हवीत.

माझा सल्ला इथूनच सुरू होतो. थांबवायचा अधिकार सढळ हाताने वाटा. सुपरवायझरला द्या, इन्स्पेक्टरला द्या, ऑपरेटरलाही द्या. संशय आला की मशीन बंद, पीस लाल ट्रेमध्ये, लॉटवर होल्डचा टॅग, आणि कोणाला विचारायची गरज नाही. सोडायचा अधिकार मात्र मर्यादेत द्या: सगळी मापं टॉलरन्सच्या (चालणाऱ्या कमी-जास्त फरकाच्या) आत असतील आणि रिपोर्ट भरलेला असेल, तर शिफ्टचा सुपरवायझर सही करून माल सोडेल, तुमची सही नाही. एक माप जरी बाहेर असेल तर कोणीच सोडणार नाही, कस्टमरशी बोलणं होईपर्यंत माल जागेवर. एवढं ठरलं की तुमच्या निम्म्या सह्या एका झटक्यात जातात आणि मागच्या वर्षीचा प्रकार व्हायची शक्यता उलट कमी होते. उगाच थांबलेल्या मशीनचा तासाभराचा खर्च काढा आणि त्या डेबिट नोटशेजारी ठेवा, म्हणजे मालकांनाही पटेल.

एक पथ्य मात्र पाळावं लागेल. पहिल्या महिन्यात कोणीतरी विनाकारण मशीन थांबवणार. पीस बरोबर असेल, मायक्रोमीटर नीट धरला नसेल, एवढंच. त्या वेळी तुमच्या तोंडून काय निघतं, याकडे चाळीस जणांचे कान असतील. ‘अरे, एवढं साधं कळत नाही का?’ असं एकदा म्हणालात की पुढची पाच वर्षं कोणी मशीन थांबवणार नाही. ‘थांबवलंस ते बरं केलंस, आता माप कसं घ्यायचं ते बघू’, एवढं पुरतं. शॉप फ्लोअरची आठवण फार दांडगी असते. त्या सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरला दुसऱ्या दिवशी तुम्ही कोणाकोणासमोर काय बोललात, ते तुम्ही विसरला असाल, बाकीचे विसरलेले नाहीत.

आता इन्सर्ट. समजा, सेकंड शिफ्टला रात्री आठ वाजता टर्निंगचा इन्सर्ट तुटला. स्टोअरमध्ये शिल्लक नाही. दुकानवाला ओळखीचा आहे, अर्ध्या तासात माणूस पाठवतो म्हणतोय. पण खरेदीला तुमचा होकार हवा, तुम्ही नातेवाइकाच्या हळदीत, डीजेच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. नऊ वाजता तुम्ही मिस कॉल बघता, साडेनऊला होकार देता, तोवर दुकान बंद. मशीन सकाळपर्यंत उभं. वाचले किती? काही शे रुपयांचा इन्सर्ट विचारून घेतला, एवढंच. मशीनचा तासाचा दर तुम्ही स्वतः कोटेशनमध्ये लावता, त्याने गुणून बघा.

म्हणून एक कागद करा, अर्ध्या पानाचा, त्यापेक्षा मोठा नको. त्यात प्रत्येक गोष्टीपुढे तीनपैकी एक लिहा: सुपरवायझरने ठरवायचं आणि मला सांगायचंही नाही, ठरवायचं आणि शिफ्टच्या शेवटी रजिस्टरात लिहायचं, किंवा करण्याआधी फोन करायचा. ऑपरेटर आला नाही तर माणसं इकडची तिकडे करणं पहिल्यात जाईल. ठरावीक रकमेपर्यंतची टूलिंगची तातडीची खरेदी दुसऱ्यात, रक्कम मालकांना विचारून टाका. ओव्हरटाइमही दुसऱ्यात. स्पिंडलला (मशीनच्या फिरत्या भागाला) धडक, कोणाला इजा, वीज जाऊन लाइन बसली, कस्टमरचा माणूस अचानक गेटवर आला, हे तिसऱ्यात. कागद तुम्ही एकट्याने केबिनमध्ये बसून लिहू नका. तिघांना घेऊन बसा आणि गेल्या महिन्यात तुम्हाला आलेले फोन आठवून एकेक टाकत जा. तुम्हाला दिसेल की तिसऱ्या रकान्यात फार थोडं उरतं.

यानंतरही फोन येतील. सवय आहे ती, त्यांचीही आणि तुमचीही. फोन आला की ‘हे कागदावर कुठल्या रकान्यात आहे?’ एवढं विचारा आणि ठेवून द्या. ‘तुम्हाला काय वाटतं ते सांगा’ हा प्रश्न मॅनेजमेंटच्या वर्गात हमखास शिकवतात, चांगलाही आहे, पण मशीन उभं असताना समोरच्याची तोंडी परीक्षा घेऊ नये. तेव्हा सरळ उत्तर द्या आणि दुसऱ्या दिवशी चहाला बसवून विचारा, काल मी फोन उचलला नसता तर काय केलं असतं? बहुतेक वेळा त्याचं उत्तर तुमच्यासारखंच असतं. ते त्याला कळणं महत्त्वाचं.

पंधरा मिनिटं आणि एक तास या हिशेबाबद्दल. आकडे बरोबर आहेत, बेरीज अर्धवट आहे. एखादं काम आठवड्यातून दोनदा येत असेल, तर तुमचा आठवड्याला अर्धा तास मोडतो. समजावणं, पुन्हा समजावणं, त्याची पहिली चूक निस्तरणं, असे तीन तास धरले तरी दीड महिन्यात वसूल, त्यापुढे सगळा नफा. उलट एखादं काम वर्षातून एकदाच येत असेल, तर ते खुशाल स्वतः करा, शिकवायच्या भानगडीत पडू नका. सगळंच वाटून टाकलं पाहिजे असा काही नियम नाही.

समजावताना मात्र नीट समजावा. ‘जरा त्या रिजेक्शनचं बघा’ असं चालता चालता बोलून पुढे गेलात, तर समोरचा मान हलवणार आणि संध्याकाळी तुम्ही विचारल्यावर ‘बघतोय साहेब’ म्हणणार. त्याऐवजी असं सांगून बघा: ‘चार नंबर मशीनवर बोअर (आतलं भोक) मोठा होऊन पीस जातायत. शुक्रवारपर्यंत कारण शोधा. ट्रायलसाठी पंधरा-वीस पीस गेले तरी चालतील. क्वालिटीचा एक माणूस रोज तासभर तुमच्याबरोबर राहील, मी त्याच्या साहेबांशी बोललोय. बुधवारी जेवणानंतर दहा मिनिटं बसू. प्रोग्रॅम बदलायचा असेल तर आधी मला सांगा, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.’ काय हवंय, कधी, किती नुकसान चालेल, मदत कोणाची, आणि विचारायचं कशासाठी, हे सगळं एका मिनिटात सांगून होतं. ‘क्वालिटीच्या साहेबांशी मी बोललोय’ हे सगळ्यात महत्त्वाचं. काम सुपरवायझरला द्यायचं आणि दुसऱ्या डिपार्टमेंटची दारं त्याच्यासाठी उघडायची नाहीत, हा प्रकार आपल्याकडे फार चालतो. मग बिचारा तिथे जाऊन हात हलवत परत येतो आणि आपण म्हणतो, याला जमत नाही.

पिंपळगाव बसवंतकडे कोणाच्या ओळखीने एखाद्या द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये सीझनला जाऊन या, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. एका हॉलमध्ये कितीतरी बायका ओळीने टेबलांवर बसलेल्या असतात. घड उचलायचा, खराब मणी कात्रीने काढायचे, पनेटमध्ये (छोट्या डब्यात) भरून वजन करायचं. प्रत्येक घडाला ‘हा चालेल का?’ म्हणून कोणी विचारत बसलं, तर कंटेनर कधीच भरणार नाही. मण्याचा आकार, रंग, गोडी, वजन यांचे निकष आधी ठरलेले असतात. सांभाळणारा मधूनच एखादा बॉक्स उघडून बघतो, शेजारी उभा राहून प्रत्येक घड बघत नाही. आणि युरोपला जाणाऱ्या मालाचा औषधांच्या अंशाचा रिपोर्ट मात्र टेबलावर ठरत नाही. नमुना लॅबमध्ये जातो, रिपोर्ट बरोबर आल्याशिवाय त्या प्लॉटचा माल निर्यातीला घेतच नाहीत. कुठला अधिकार वाटायचा आणि कुठला अजिबात वाटायचा नाही, हे तिथे स्वच्छ दिसतं.

तुमची खरी कसोटी मात्र वेगळीच आहे. तुम्ही सेटर होतात. मशीनचा आवाज बदलला की चालता चालता तुमची मान वळणार, पावलं तिकडे जाणार आणि तुम्ही ऑफसेट टाकून (टूलचं माप दुरुस्त करून) मोकळे होणार. ऑपरेटरही खूश, तुम्हीही खूश, जुने दिवस आठवले म्हणून. पण तुम्ही बटणाला हात लावलात की त्या शिफ्टचा तो पीस तुमचा झाला, सुपरवायझर बाजूला उभा राहून बघणार. दिवसातल्या फेऱ्या ठरवून टाका: शिफ्टच्या सुरुवातीला फर्स्ट पीस अप्रूव्हलचा (पहिला पीस पास केल्याचा) कागद बघायला एक, मधे एक. हात मागे बांधून फिरा, अगदी शब्दशः.

आता तुमचे ज्येष्ठ सुपरवायझर. तुम्ही त्यांना काय हाक मारता ते लिहिलेलं नाही, मी आपली नाना धरते. नानांना सगळ्यांसमोर काम सांगायचा तुम्हाला संकोच वाटतो, म्हणून तुम्ही त्यांच्या वाटचं काम गुपचूप स्वतः करता किंवा धाकट्याकडून करून घेता. बरोबर ना? यात नानांचा मान राखला जात नाही, त्यांना बाजूला सारलं जातं, आणि ते त्यांना चांगलं कळतं. टपरीवर चहाला न्या, केबिनमध्ये नको. ‘नाना, नवीन पार्ट डेव्हलपमेंटला आला की पहिला पीस पास होईपर्यंतचं सगळं तुम्ही सांभाळाल का? नवीन सेटर पोरंही तुम्हीच तयार करा. काय काय लागेल ते सांगा.’ विचारल्यावर गप्प बसा, त्यांना बोलू द्या. कदाचित ते नाही म्हणतील. पन्नाशीच्या माणसाला वाटू शकतं की आता नवीन डोकेदुखी नको. नाही म्हणाले तर राग धरू नका, पण मग ते काम दुसऱ्याकडे जाणार हेही त्यांना तिथल्या तिथे सांगा.

हे मी लिहिते आहे खरं, पण पगाराचं काय, असं तुमचे सुपरवायझर मनात म्हणत असतील, आणि रास्त म्हणत असतील. चूक झाली तर बोलणी त्यांना, वेळेत माल गेला तर शाबासकी साहेबांना, आणि इन्क्रिमेंट सगळ्यांना सारखंच. अशा ठिकाणी ‘जबाबदारी घ्या’ म्हणणं म्हणजे फुकटचं ओझं उचला म्हणणं. वाढीव अधिकाराबरोबर थोडा तरी भत्ता मिळवून द्या. तो तुमच्या हातात नसेल, तर निदान मालकांसमोर नाव त्यांचं घ्या.

आणि तिघांपैकी एखादा सहा महिन्यांनीही काहीच ठरवेनासा झाला, तर कदाचित तो चांगला सेटर आहे आणि सुपरवायझर व्हायची त्याची इच्छाच नव्हती. असे लोक असतात. त्यांना पगार न कापता, मान राखून मशीनकडे परत जाऊ द्या.

काही गोष्टी मात्र कोणाकडेही देऊ नका. इन्क्रिमेंटची शिफारस, कोणाला मेमो द्यायचा, दोन सुपरवायझरांमधलं भांडण, आणि माल उशिरा जाणार आहे हे कस्टमरला सांगणारा पहिला फोन. हे तुमचंच काम आहे, कितीही नकोसं वाटलं तरी. सीएनसी मशीनच्या दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास करायची परवानगी तर तुमच्याकडेही नाही, मग वाटणार कुठून? आकडा गाठायचा म्हणून कोणी तो केला असेल, तर त्या दिवशी तुम्ही मशीन थांबवा.

शेवटी मालक. माझ्या मते तुमच्या अडचणीचं मूळ सकाळच्या त्या फोनमध्ये आहे, आणि पत्रात तुम्ही त्याला एकच ओळ दिली आहे. रोज प्रत्येक मशीनचा आकडा तुम्हालाच विचारला जात असेल, तर तो आकडा तुम्हाला पाठ हवा, म्हणून तुम्ही प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणार. मालक तुमच्यावर जे करतात, तेच तुम्ही खाली करता. त्यांना तोडून बोलायची गरज नाही. शिफ्ट संपताना प्रत्येक सुपरवायझरने बोर्डाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, ग्रुपमध्ये मालक असतील. फोन आलाच तर स्पीकरवर घ्या आणि ‘हे नाना सांगतील’ म्हणून नानांना बोलू द्या. पहिले आठ दिवस मालक वैतागतील. नंतर त्यांनाच बरं वाटेल, कारण आज तुम्ही आजारी पडलात तर कंपनी बसते, ही भीती त्यांनाही आहे.

ते बिचकले तर सिंहस्थ कुंभमेळ्याची आठवण करून द्या. 2015 च्या पर्वण्यांना (स्नानाच्या मुख्य दिवशी) शहरातले रस्ते कसे बंद होते, हे त्यांनी पाहिलंय. 2027 च्या पावसाळ्यात पुन्हा पर्वण्या आहेत. त्या दिवशी तुम्ही अंबडजवळचा पाथर्डी फाटाही ओलांडू शकला नाहीत, तर रात्रीच मुक्कामाला आलेल्या सुपरवायझरला शिफ्ट चालवावी लागेल, माल सोडावा लागेल, इन्सर्ट मागवावे लागतील. त्याची तालीम आधी व्हायला हवी. एखादा साधा मंगळवार निवडा, फोन बंद ठेवून घरी थांबा, आणि बुधवारी रजिस्टर वाचा.

मालकांपुढे तो अर्ध्या पानाचा कागद ठेवा, रकमांपुढे त्यांची सही घ्या, आणि तीन महिने करून बघू म्हणा. कायमचं म्हणालात तर नाही म्हणतील. हे बोलणं गणपतीच्या आधी उरका. एकदा दिवाळीच्या बोनसची कुजबुज सुरू झाली की खर्चाचा अधिकार खाली द्या हे वाक्य कुठलाही मालक ऐकून घेत नाही.